यादीत पहिला कोण, यापेक्षा कोण कशाने मरतो ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकला गंगापूर रोड भागात राहता, मुलगी सातवीत आहे, शाळेच्या प्रकल्पासाठी तिने आशिया खंडातील संकटग्रस्त प्राण्यांचा तक्ता केला, आणि तो करता करता तुम्हा दोघांना वाटू लागले की वर्षाला १२ हजार रुपये बाजूला काढून यांपैकी एखाद्या प्राण्यासाठी द्यावेत. म्हणून तुम्ही विचारले आहे की आशियात सर्वांत जास्त संकटात कोणता प्राणी आहे, पैसे कोणासाठी द्यावेत, आणि पैशांखेरीज नाशिकमध्ये राहून काही करता येते का.

मी गुरांचा डॉक्टर आहे. त्र्यंबक, हरसूल आणि पेठ या पट्ट्यात माझी सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर बराचसा वेळ गिधाडांच्या कामात जातो. त्यामुळे माझे उत्तर गिधाडांकडे झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो. ते का झुकलेले आहे हेही पुढे सांगेन, कारण त्यात माझा स्वतःचा हात आहे, आणि तो चांगल्या अर्थाने नाही.

तुमच्या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळलेले आहेत. सर्वांत संकटात कोण, हा एक. आणि माझ्या पैशाने किंवा श्रमाने कोणाचे काही भले होईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यादीतून मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची जी लाल यादी तुमच्या मुलीने वापरली असेल, तिच्यात प्राण्याला ‘अतिसंकटग्रस्त’, ‘संकटग्रस्त’ किंवा ‘असुरक्षित’ असा दर्जा दिला जातो, तो प्राणी नष्ट होण्याची शक्यता किती आहे यावरून. त्यासाठी फक्त डोकी मोजत नाहीत. संख्या किती वेगाने घसरते आहे हेही पाहतात. एखादा प्राणी हजारोंच्या संख्येने शिल्लक असला, तरी १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत तो ८० टक्क्यांनी घटला असेल, तर तो अतिसंकटग्रस्तच ठरतो. आपल्या अंजनेरीच्या कड्यावरचे लांब चोचीचे गिधाड आणि जावा बेटावरचा एकशिंगी गेंडा हे म्हणूनच एकाच रकान्यात बसतात, जरी त्या गेंड्याची अख्खी जात एका राष्ट्रीय उद्यानात उरलेली असली तरी.

यादी चुकीची नाही, पण ती निदान करत नाही. आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. शेतकऱ्याचा फोन येतो, “डॉक्टर, गाय बसली आहे, उठत नाही.” एवढ्यावरून काहीच कळत नाही. गाय नुकतीच व्यालेली असेल आणि अंगातले कॅल्शियम उतरले असेल, तर शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर बऱ्याचदा ती तासाभरात उठून चाऱ्याला तोंड लावते आणि घरची मंडळी डॉक्टरला देव मानू लागतात. पण खुब्याचे हाड मोडले असेल तर त्याच बाटलीचा काडीचाही उपयोग नाही, आणि विषबाधा असेल तर त्या बाटलीत गेलेला वेळ गाईच्या जिवावर बेततो. तिन्ही गायी लांबून सारख्याच दिसतात. ‘संकटग्रस्त’ हा शब्दही मला ‘गाय बसली आहे’ इतकाच अर्थ सांगतो. कशाने बसली, ते कळेपर्यंत मी पिशवी उघडत नाही, आणि तुम्हीही पाकीट उघडू नये.

आशिया खंड केवढा मोठा आहे, आणि त्यातल्या प्राण्यांना बसवणारी कारणे किती वेगवेगळी आहेत, हे दोन-चार प्रकरणांवरून दिसेल. व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरच्या अन्नाम डोंगररांगेत साओला नावाचा हरणासारखा दिसणारा, पण बैलाच्या कुळातला प्राणी आहे. जगाला तो १९९२ मध्ये कळला, तोही शिकाऱ्यांच्या घरात टांगलेल्या शिंगांवरून. रानात तो कोणत्याही शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यातही तो शेवटचा २०१३ मध्ये आला. त्याला मुद्दाम मारायला कोणी जात नाही. रानडुकरे आणि भेकरे पकडण्यासाठी सायकलच्या तारेचे फासे लावले जातात आणि साओला त्यांत सापडतो. तिथल्या दोन राखीव जंगलांतून गस्तीवरच्या माणसांनी सुमारे दशकभरात १ लाखाहून अधिक फासे उचलले. तिथे रोगही एक आहे आणि औषधही एकच: रोज रान तुडवून तारा उचलणारी माणसे. साओलासाठी पैसे द्यायचे तर ते त्या माणसांच्या पगारात आणि बुटांत गेले पाहिजेत.

सुमात्रा बेटावरच्या गेंड्याचे दुखणे वेगळे. शिकारीने तो इतका विरळ झाला आहे की उरलेले नर-मादी एकमेकांना भेटतच नाहीत, आणि दीर्घकाळ नर न मिळालेल्या माद्यांच्या गर्भाशयात गाठी होऊन त्या वांझ होतात. इथे नुसता पहारा वाढवून भागत नाही. पकडून, एकत्र आणून, पैदास करावी लागते, आणि ते काम फार थोड्या लोकांना जमते.

आता याच्या उलट प्रकरण. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवर सैगा नावाचे फुगीर नाकाचे हरीण आहे. २०१५ च्या मे महिन्यात कझाकस्तानात ऐन विण्याच्या हंगामात तीनेक आठवड्यांत २ लाखांहून अधिक सैगा मेले. जनावरांच्या नाकात-घशात एरवी निमूट राहणारा पाश्चुरेला नावाचा जीवाणू त्या दिवसांतल्या असाधारण उबदार, दमट हवेत उसळला. त्याच कुळातल्या जंतूमुळे आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना घटसर्प होतो आणि त्याची लस मी आयुष्यभर टोचत आलो, म्हणून ती बातमी वाचताना मला ते मैदान डोळ्यांपुढे दिसत होते. जगातल्या निम्म्याहून अधिक सैगा एका महिन्यात गेले असतील, तर ही जात संपली असेच कोणीही म्हटले असते. पण सैगा मादी बहुधा जुळे देते, आणि शिंगांसाठी होणारी शिकार सरकारने कडक पहाऱ्याने रोखली होती. त्यामुळे कळप भराभर वाढले. २०२२ च्या मोजणीत कझाकस्तानात १३ लाखांवर सैगा भरले आणि २०२३ मध्ये लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून थेट ‘संकटसमीप’वर आला. प्राणी किती मेले यापेक्षा उरलेले किती वेगाने वितात आणि त्यांना कोण मारते आहे, हे अधिक महत्त्वाचे असते, हे मी सैगावरून शिकलो.

चीनमधल्या यांगत्से नदीतला बायजी हा डॉल्फिन २००६ मध्ये सहा आठवडे शोधूनही सापडला नाही. त्याच नदीतल्या, पाठीला पर नसलेल्या शिंशुकाची संख्या मात्र २०१७ मध्ये १,०१२ होती, ती २०२२ मध्ये १,२४९ झाली. मध्यंतरी, २०२१ पासून, नदीत १० वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली. इतका मोठा निर्णय सरकारच घेऊ शकते, देणगीदार नव्हे. आपल्याकडचा वाघही त्याच वर्गात मोडतो. २००६ च्या मोजणीत भारतात १,४११ वाघ होते, २०२२ च्या अंदाजात ३,६८२ आले. काझीरंगात २०२२ मध्ये २,६१३ गेंडे मोजले गेले. ही कामे सरकारी तिजोरी, कायदा आणि बंदूक घेऊन उभे असलेले वनरक्षक यांच्या जोरावर झाली. वाघाविषयी मला आदर आहे, पण तुमच्या १२ हजारांची त्याला गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या पाठीशी एक अख्खे प्राधिकरण आहे.

माळढोक पक्ष्याचे प्रकरण मात्र मन विषण्ण करणारे आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण आता महाराष्ट्रात एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशभरात मिळून ते १५० सुद्धा उरलेले नाहीत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. हा पक्षी जड असतो, त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि उडताना विजेच्या तारा जवळ येईपर्यंत त्याला कळत नाहीत. सौर आणि पवन ऊर्जेच्या तारांचे जाळे नेमके त्याच्याच माळांवर पसरले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. जैसलमेरला पैदास केंद्रात पिल्ले वाढत आहेत, ही जमेची बाजू. पण मादी एका वेळी एकच अंडे घालते, आणि ज्या माळावर ते पिल्लू सोडायचे तिथल्या तारा तशाच असतील तर कितीही पिल्ले वाढवा, हिशेब तोट्याचाच राहतो.

आता गिधाडांकडे येतो, आणि इथे मला थोडे थांबावे लागेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा गावाबाहेर मेलेले बैल टाकण्याच्या जागेवर गिधाडे उतरत, तेव्हा ती मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. कातडे सोलून झाले की तासा-दीड तासात नुसती हाडे उरत. नव्वदच्या दशकात आमच्या हातात डायक्लोफिनॅक आले. सूज, लंगडणे, कासेचा दाह, ताप, काहीही असो, मांडीत एक इंजेक्शन दिले की जनावर संध्याकाळपर्यंत बरे दिसू लागे. औषध स्वस्त होते, लवकर उतार पडत असे, आणि शेतकरी ते नावानिशी मागू लागले. मीही देत गेलो. त्यात काही गैर आहे असे मानायला कोणालाही कारण नव्हते.

पुढे काही वर्षांनी पेठच्या बाजूला एका वनरक्षकाने मला बोलावले. आंब्याच्या झाडाखाली दोन गिधाडे मरून पडली होती आणि तिसरे वर फांदीवर मान खाली लोंबकळत टाकून बसले होते. डोके जवळजवळ पायांना टेकले होते आणि आम्ही झाडाखाली बोलत असतानाही ते हलले नाही. मेलेल्यांपैकी एक मी तिथेच उघडले. यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, आतड्यांच्या बाहेरून, कोणीतरी चुना उडवावा तसा पांढरा थर बसला होता. तो थर मला ओळखीचा होता, कारण कोंबड्यांचे मूत्रपिंड निकामी झाले की युरिक आम्ल रक्तातून बाहेर पडत नाही आणि त्याचे असेच स्फटिक अवयवांवर साचतात. मूत्रपिंडे फिकट आणि सुजलेली होती. मी वहीत ‘मूत्रपिंड निकामी, कारण अज्ञात’ असे लिहिले, पाणी कमी मिळाले असेल असा तर्क केला आणि घरी आलो. सुचले असते तर कारण माझ्याच पिशवीत होते.

राजस्थानात भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडे कमी होत असल्याचे नव्वदच्या दशकातच नोंदवले होते. त्यामागचे कारण पाकिस्तानच्या पंजाबात संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले, आणि ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध दिल्यानंतर जनावर काही दिवसांतच मेले, तर त्याच्या मांसात डायक्लोफिनॅक शिल्लक राहते, आणि ते गिधाडाच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. ते वाचल्यावर मी दवाखान्यातली जुनी उपचार नोंदवही काढून बसलो. पानापानांवर माझ्याच अक्षरात तेच एक नाव होते. त्यातली बहुतेक जनावरे बरी झाली, ही खरी गोष्ट. पण जी बरी झाली नाहीत ती कुठे टाकली गेली हेही मला ठाऊक होते.

लोकांना वाटते की एवढी गिधाडे मरायला निम्म्या गुरांना तरी हे औषध दिलेले असले पाहिजे. तसे मुळीच नाही. एका मेलेल्या बैलावर एका वेळी कित्येक डझन गिधाडे जेवतात. त्यामुळे शंभरातल्या एकाहूनही कमी जनावरांत विषारी प्रमाणात औषध असले, तरी सगळी संख्या कोसळायला ते पुरते, असे संशोधकांचे गणित आहे. त्यात गिधाड साधारण पाचव्या वर्षी वयात येते आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. सैगासारखी भरपाई इथे होत नाही. भारतात १९९२ मध्ये जिथे पांढऱ्या पाठीची १ हजार गिधाडे होती, तिथे २००७ मध्ये सरासरी १ उरले. लांब चोचीची गिधाडेही शंभरातली सुमारे ९७ गेली. प्राणिजगतात इतक्या वेगाने इतकी मोठी घसरण क्वचितच पाहायला मिळाली आहे.

तरीही आशियातल्या एवढ्या मोठ्या यादीत मला सर्वांत आशा याच प्रकरणात वाटते, कारण इथे निदान पक्के आहे आणि पर्यायी औषधही हातात आहे. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, टोल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित ठरले आहे. भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही ३ मिलीच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकण्याचे बंधन आले. एका गाईला लागणारी मात्रा भरायची तर अशा चार-पाच कुप्या फोडाव्या लागतात, आणि तो खटाटोप कोणी सहसा करत नाही. ही युक्ती मला कायद्याच्या धाकापेक्षा जास्त आवडली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक यांवरही गुरांसाठी बंदी आली. एसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. शेजारच्या नेपाळने बंदी काटेकोरपणे राबवली, गावोगावी जुने साठे बदलून मेलोक्सिकॅम दिले, आणि तिथली पांढऱ्या पाठीची गिधाडे सावरू लागली आहेत.

मेलोक्सिकॅम सुरुवातीला महाग होते आणि उतार सावकाश पडत असे, म्हणून शेतकरी नाराज होत, हे मी नाकारत नाही. “डॉक्टर, ते पूर्वीचेच द्या” असे मी शेकडो वेळा ऐकले आहे. अशा वेळी गिधाडे वाचवा असे सांगून उपयोग झाला नाही. मेलेले जनावर आठ-आठ दिवस सडत पडते, त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच पुढे पोरांना चावतात, असे सांगितले की ऐकले जाई, कारण ते त्यांनी स्वतः पाहिलेले असे. गिधाडे गेल्यावर भारतात कुत्री आणि रेबीज वाढल्याचे अभ्यासकांनीही दाखवले आहे. थोडे विषयांतर करतो. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला जटायूचे देऊळ आहे. रामाने जखमी जटायूला तिथे पाणी पाजले असे सांगतात आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी होते. त्या गर्दीतल्या एका आजीबाईंनी मला विचारले होते, “जटायू म्हंजे कसला पक्षी हो?” त्यांनी लहानपणी गिधाडे नक्की पाहिली असणार, पण त्यांच्या नातवाला दाखवायला मात्र एकही उरले नव्हते.

एवढ्या विवेचनानंतर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे, पण ते तीन गोष्टींवर अवलंबून राहील. पहिली, तुम्हाला फळ डोळ्यांनी पाहायचे आहे की नाही. साओलाला दिलेले पैसे योग्य ठिकाणी गेले तरी तुम्हाला साओला कधी दिसणार नाही; काही लोकांना ते चालते आणि त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. दुसरी, तुमच्याकडे पैसा जास्त आहे की वेळ. तिसरी, मुलीला यातून काय मिळावे असे तुम्हाला वाटते. ती केवळ दानाची सवय असेल तर कुठलीही प्रामाणिक संस्था चालेल. निदान करण्याची सवय असेल, तर हाकेच्या अंतरावरचे प्रकरण घ्यावे.

पैसे द्यायचेच ठरवले तर संस्थेला मी असे विचारतो. तुम्ही ज्या प्राण्यासाठी काम करता तो कशाने कमी होतो आहे, आणि तुमचे काम नेमके त्याच कारणावर आहे का? गेल्या वर्षी तुम्ही काय मोजले? माझे पैसे कशाला जातील? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जितके रुक्ष असेल तितका माझा विश्वास वाढतो. मोटारसायकलचे पेट्रोल, घरट्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक मुलाचा पगार, मृत जनावराच्या यकृताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च, बर्फाचा डबा: संवर्धन अशा गोष्टींवर चालते. एका संस्थेने मला प्राणी ‘दत्तक’ दिल्याचे रंगीत प्रमाणपत्र आणि एक भुसा भरलेले खेळणे पाठवले होते. खेळणे छान होते, पण माझ्या वरच्या तीन प्रश्नांचे उत्तर दोन पत्रे लिहूनही आले नाही. तेव्हापासून मी प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून थोडा जपून असतो. हा माझा पूर्वग्रह असेल, तसा समजा.

मला स्वतःला विचाराल तर १२ हजारांपैकी मोठा हिस्सा मी लांबच्या प्रकरणाला देईन, अगदी साओलासारख्या, कारण तिथे पैशाशिवाय दुसरे काही मी देऊ शकत नाही. नाशिकमध्ये मात्र पैशापेक्षा माणूस कमी पडतो.

नाशिकमध्ये करण्यासारखे म्हणजे असे. तुमचे कोणी नातेवाईक दिंडोरी, निफाड, सिन्नर, कुठेही गुरे बाळगून असतील, तर पुढच्या खेपेस त्यांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या औषधांच्या बाटल्या पाहा. बहुतेक गोठ्यांत अर्धवट वापरलेल्या दोन-तीन बाटल्या असतातच. लेबलवर व्यापारी नाव मोठ्या अक्षरात असते, त्याकडे लक्ष देऊ नका. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते ते वाचा. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, कीटोप्रोफेन किंवा गिधाडांना तसेच घातक असलेले निमेसुलाइड दिसले तर ती बाटली का ठेवू नये हे त्यांना सांगा, आणि त्यांच्या पशुवैद्याला मेलोक्सिकॅम लिहून द्यायला सांगा. हे काम मुलगीही करू शकते. लहान मुलांनी विचारले की मोठी माणसे चिडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरे काम संक्रांतीचे आहे. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः येवल्याला, पतंगांचा उत्सव मोठा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो मिळतो. लांब चोचीची गिधाडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कड्यांवर अंडी उबवतात आणि पिल्ले वाढवतात. जोडीतल्या एकाचा पंख जानेवारीत कापला गेला की त्या वर्षीचे एकुलते एक पिल्लूही जाते. घारी, बगळे, घुबडे तर दरवर्षी डझनांनी सापडतात. साधा सुती दोरा घ्या, आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात झाडांवर लोंबणारा मांजा सोसायटीतल्या मुलांना घेऊन गोळा करा. जखमी पक्षी सापडला तर घरी पाणी पाजत बसू नका; छिद्रे पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चोचीत पाणी ओतल्याने श्वासनलिकेत जाऊन मेलेले पक्षी मी खूप पाहिले आहेत.

तिसरे, तुम्ही किंवा तुमचे मित्र गडांवर जात असाल, तर हिवाळ्यात ज्या कड्यावर गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात त्याच्याजवळ दोर टाकून उतरू नका आणि ड्रोन उडवू नका. घाबरलेली मादी अंडे सोडून उडाली की ते उन्हात तापते किंवा कावळे उचलतात.

मुलीच्या तक्त्याविषयी एकच दुरुस्ती सुचवतो. प्राण्याच्या नावापुढे तिने ‘संख्या’ हा रकाना केला आहे, त्याच्या शेजारी ‘कशाने मरतो’ असा एक रकाना वाढवावा. साओलापुढे ‘तारेचे फासे’, माळढोकापुढे ‘विजेच्या तारा’, गिधाडापुढे ‘गुरांचे इंजेक्शन’. तो रकाना भरायला तिला वेळ लागेल, कारण काही ठिकाणी दोन-तीन कारणे येतील आणि कुठले मोठे ते ठरवावे लागेल.

आणि गिधाडे पाहायची असतील तर डिसेंबर-जानेवारीतला एखादा रविवार काढा. वन विभागाने हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्याची जागा केली आहे, तिला लोक गिधाड रेस्टॉरंट म्हणतात. पण तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि मुलीला सडलेल्या मांसाचा वास सोसेल की नाही हेही बघा. त्यापेक्षा अंजनेरीच्या पायथ्याशी थांबणे बरे. फार पहाटे जाण्याची गरज नाही. गिधाड जड असते आणि हवा तापून वर चढू लागेपर्यंत ते कड्यावरून हलत नाही, म्हणून नऊच्या सुमारास पोहोचलात तरी चालेल. आधी दुर्बिणीने पांढरे ओघळ शोधा, मग त्यांच्या वरच्या खोबणीत नजर स्थिर ठेवा. तपकिरी दगड वाटतो तो बऱ्याचदा दगडच असतो. दहा मिनिटांनी त्याने मान वळवली तर नसतो. दुर्बीण नसेल तर कळवा, माझ्याकडे एक जादा आहे.